घरगुती कॉफी लिक्योर: कमी खर्चातली भेट (प्रमाण, हिशेब, शंका)

अर्धाकप

वर्षअखेर आली की भेट द्यायच्या माणसांची यादी वाढते, पैसे मात्र तेवढेच राहतात. प्रत्येकासाठी वेगळी वस्तू शोधत बसण्यापेक्षा एकच गोष्ट घरी करून छोट्या बाटल्यांतून वाटणं परवडतं, आणि त्यासाठी कॉफी लिक्योरइतकी (म्हणजे कॉफीच्या चवीची गोड दारू) सोपी गोष्ट मला तरी माहीत नाही. आंबवायचं काही नाही, गाळायची भट्टी नाही. विकतची व्होडका, साखर, पाणी, कॉफी, व्हॅनिला. दुसऱ्या एका धाग्यावर काही जणांनी प्रमाण विचारलं होतं, तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

प्रमाण असं: ४० टक्क्यांची ७५० मिली व्होडका, ४०० ग्रॅम साखर, ४०० मिली पाणी, ५० ग्रॅम इन्स्टंट कॉफी, व्हॅनिलाची एक शेंग, चिमूटभर मीठ. मीठ वगळू नका, कॉफीचा कडवटपणा त्याने सौम्य लागतो.

साखर आणि पाणी एकत्र तापवा. पाक करायचा नाही, साखर विरघळली की काम झालं. तार येईपर्यंत आटवलात तर पुढे बाटलीच्या तळाशी खडे बसतील. गॅस बंद करून कॉफी थोडी थोडी घाला आणि मोठंच पातेलं घ्या, कारण कॉफी पडली की तांबूस फेस सर्रकन वर येतो. ढवळत राहिलं की खाली बसतो, पण अगदी बारीक बुडबुड्यांचा थर कडेला बराच वेळ राहतो. तो चमच्याने काढून टाकायची गरज नाही, गाळताना जातो.

आता हे मिश्रण पूर्ण गार होऊ द्या. कोमट चालणार नाही. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं आणि त्याच्या वाफा त्याच्या कितीतरी आधीपासून सुटतात. गरम पातेल्यात व्होडका ओतली तर ज्याचे पैसे मोजले तेच हवेत जातं, आणि शेजारी ज्योत चालू असेल तर पेटण्याची भीती. गार झालं की व्होडका घाला, काचेच्या बरणीत भरा, शेंग मधोमध उभी चिरून आत टाका, झाकण लावून अंधाऱ्या कपाटात ठेवा. दोन ते चार आठवडे. रोज हलवायची गरज नाही, आठवण आली की एकदा हलवा.

खर्चाचं म्हणाल तर ४०० ग्रॅम साखर विरघळल्यावर साधारण २५० मिली जागा घेते. म्हणजे ४०० अधिक २५० अधिक ७५०, एकूण १४०० मिलीच्या आसपास. एका बाटलीच्या जवळजवळ दोन झाल्या. त्यात शुद्ध अल्कोहोल ३०० मिली, म्हणजे सुमारे २१ टक्के. बाजारातल्या नावाजलेल्या कॉफी लिक्योर साधारण याच घरात असतात. २०० मिलीच्या सात बाटल्या भरतात, आणि त्यात सगळ्यात महाग पडते ती रिकामी बाटली. तेव्हा आतापासूनच सॉस, सरबत, व्हिनेगर यांच्या काचेच्या बाटल्या फेकू नका.

चिंगी_८

मस्त! वाचनखूण साठवली. व्हॅनिलाची शेंग फार महाग असते गं. इसेन्स चालेल का?

अर्धाकप

@चिंगी_८, चालेल. कॉफी आणि साखर एवढी असताना शेंग आणि इसेन्स यांतला फरक ओळखणारी माणसं थोडीच. दोन चहाचे चमचे, पण गरम पाकात नाही, व्होडका घातल्यानंतर. शेंगेचा एक फायदा दिसण्यातला: बारीक काळे कण बाटलीच्या खांद्यापाशी चिकटतात आणि घेणाऱ्याला कळतं की आत खरी व्हॅनिला आहे. त्या कणांसाठी किती पैसे मोजायचे ते आपापलं ठरवा.

दाणेदार

धागा चांगला आहे, पण इन्स्टंट? मनापासून भेट द्यायची आणि त्यात इन्स्टंट कॉफी? ताजे भाजलेले दाणे घ्या, जाडसर दळा, थेट व्होडकात भिजवा, एका दिवसाने गाळा. जो वास येतो तो इन्स्टंटमध्ये जन्मात येणार नाही.

पिपेट

दाणेदार, वासाबद्दल सहमत, पण दळलेली कॉफी दारूत भिजवण्याला दोन अडचणी आहेत. पहिली, अल्कोहोल पाण्यापेक्षा तेलं आणि कडू द्रव्यं जास्त ओढून घेतं. १२ ते २४ तासांपर्यंत ठीक, त्यापुढे जिभेला कोरड पाडणारा कडूपणा येतो. दुसरी अडचण पैशांची, आणि धागा काटकसरीचा आहे म्हणून ती महत्त्वाची. दळलेली कॉफी स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट द्रव धरून ठेवते. १०० ग्रॅम कॉफी भिजवलीत तर २०० मिली व्होडका चोथ्यात गेली. पाव बाटलीहून जास्त! पिळून काढाल तर गाळ उतरतो.

सुकामेवा

चोथा चावून खायचा. प्रश्न मिटला.

दाणेदार

@पिपेट, मुद्दा मान्य. मग उलट करू. कॉफी व्होडकात नाही, गार पाण्यात भिजवायची. १२० ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, ६०० मिली पाणी, फ्रीजमध्ये १२ ते १८ तास. चोथ्याने धरलं तर पाणी धरलं, त्याचं कुणाला दुःख? हातात ३६० मिलीच्या आसपास दाट कॉफी येते. त्यात ४०० ग्रॅम साखर विरघळवायची आणि मग ७५० मिली व्होडका. एकूण १३६० मिली, अल्कोहोल २२ टक्के. हिशेब तुमचाच, चव माझी.

अर्धाकप

हे मात्र आवडलं. पाणी वाया जाऊ दे, व्होडका नको. फक्त ती कॉफी गाळून फार दिवस तशीच ठेवू नका. नुसती कॉफी फ्रीजमध्येही आठवड्याभरात शिळी लागायला लागते, साखर आणि दारू मिळाली की मग टिकते. आणि साखर विरघळायला अगदी हलकं कोमट केलं तर चालेल, उकळी नको, नाहीतर गार भिजवण्यातली सगळी नजाकत गेली.

तरीही बारा-पंधरा जणांना वाटायची असेल तर मी इन्स्टंटच घेईन. चोथा गाळायची कटकट नाही, एक थेंब वाया जात नाही, आणि दर वेळी चव तीच येते. दाण्यांची कॉफी नुसती पिण्यात जो फरक जाणवतो, तो साखर, व्हॅनिला आणि दारू यांच्याखाली अर्धा झाकला जातो. दाणेदार यांना हे पटणार नाही, ठाऊक आहे. :)

दाणेदार

नाहीच पटत. :) पण इन्स्टंट घ्यायचीच तर निदान फ्रीझ-ड्राइड घ्या, आणि पाकिटावर चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) आहे का पाहा. चिकोरी वाईट नाही, रंग दाट येतो, पण वेगळी जळकट-गोड चव येते आणि कॉफी मागे पडते.

शंकासुर

काही शंका. एक, घरी असं करणं कायद्याने चालतं का? दोन, टिकतं किती? तीन, रम घेतली तर?

अर्धाकप

एक: हे दारू गाळणं नव्हे, कर भरून विकत घेतलेल्या दारूत चव भिजवणं आहे. घरी ऊर्ध्वपातन करण्यावर बहुतेक देशांत बंदी किंवा परवान्याची अट असते, भिजवण्यावर सहसा नसते. तरी दारूचे कायदे जागोजागी फार वेगळे, तेव्हा आपल्याकडचे पाहून घ्या. विकायला मात्र परवाना लागतोच. "भेट दिली, त्यांनी आपणहून पाकीट दिलं" असले उद्योग करू नका. आणि जिला किंवा ज्याला द्यायची ती व्यक्ती पिण्याच्या कायदेशीर वयाची हवी, हे सांगायला नको.

दोन: २० टक्क्यांच्या वर अल्कोहोल आणि एवढी साखर असली की खराब होत नाही. अंधारात, बंद झाकणाने वर्षभर सहज. पुढेही बिघडत नाही, फक्त कॉफीचा वास उतरत जातो आणि साखरच पुढे येते. पाणी वाढवून १५ टक्क्यांच्या खाली आणलंत तर फ्रीजमध्ये ठेवा.

तीन: रमने छानच होते. अर्धी व्होडका, अर्धी जुनी गडद रम हे मिश्रण मला सगळ्यात आवडतं. मग साखरही निम्मी ब्राउन घ्या.

पिपेट

रम ही काही फॅशन नाही, मूळ तिथेच आहे. मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ भागात १९३६ साली सुरू झालेली कालुआ ही नावाजलेली कॉफी लिक्योर उसाच्या दारूवर आणि अरेबिका कॉफीवर बनते. टिया मारिया या दुसऱ्या कॉफी लिक्योरचा जन्मही जमैकाचा, म्हणजे पुन्हा ऊस आणि कॉफी एकाच मातीत. व्होडका घरगुती कृतींत आली ती तिला स्वतःची चव नाही म्हणून.

टक्क्यांचं म्हणाल तर युरोपीय संघाच्या नियमांत लिक्योर म्हणवून घ्यायला किमान १५ टक्के अल्कोहोल आणि लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर लागते. अर्धाकप यांच्या प्रमाणात लिटरला २८५ ग्रॅमच्या आसपास साखर पडते. म्हणजे कुणाला कमी गोड हवं असेल तर कमी करायला भरपूर वाव आहे. ३०० ग्रॅम साखरेतही उत्तम लागेल, फक्त थोडी पातळ वाटेल.

रिकामटेकडा

मला वाटतं सगळ्यात काटकसर म्हणजे कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त टक्के. काही ठिकाणी ९५ टक्क्यांचं स्पिरिट मिळतं पिण्याचं. ते घेऊन पाणी वाढवलं तर?

पिपेट

गणिताने बरोबर. तुम्हाला ३०० मिली शुद्ध अल्कोहोल हवं, ९५ टक्क्यांचं ३१६ मिली घेतलं की ते मिळालं. व्होडकाच्या जागी ते आणि ४३४ मिली पाणी. उकळून गार केलेलं पाणी घ्या. पाणी आणि अल्कोहोल मिसळल्यावर एकूण आकारमान किंचित घटतं, त्यामुळे मोजमापात थोडी तूट आली तर चक्रावू नका.

पण दोन गोष्टी ठळक अक्षरांत. ते स्पिरिट पिण्यासाठी म्हणून विकलेलं आणि सीलबंद असलं पाहिजे. दवाखान्यातलं, रंगवाल्याकडचं, प्रयोगशाळेतलं, स्टोव्ह पेटवायचं स्पिरिट कितीही पारदर्शक दिसो, कितीही गाळा, ते विष आहे. त्यात मिथेनॉल असू शकतं. थोड्या मात्रेनेही दृष्टी जाते, जीव जातो. वासावरून किंवा चवीवरून ते ओळखता येत नाही, आणि कॉफीत तर मुळीच नाही. सुटी, लेबल नसलेली दारूही याच कारणासाठी नको. दुसरं, ९५ टक्क्यांचं द्रव्य झाकण उघडताच पेट घेण्याजोगं असतं. गॅसच्या ओट्यापासून लांब, खिडकी उघडी ठेवून काम करा.

रिकामटेकडा

समजलं. व्होडकाच घेतो.

मोरपंखी

बाटल्यांबद्दल लिहिते, कारण अशा भेटींचं सगळं रूप तिथेच ठरतं. जुन्या बाटलीचा वास आधी जायला हवा. काच निघेल, पण झाकणातल्या रबराचा लोणच्याचा किंवा सॉसचा वास कशानेच जात नाही, तेव्हा झाकणं नवी घ्या. लेबल कोमट पाण्यात भिजवून काढायचं आणि मागे राहिलेला चिकटा खाद्यतेल आणि खाण्याचा सोडा चोळून. मग बाटल्या पाण्यात बुडवून दहा मिनिटं उकळा, फडक्यावर उलट्या घालून आतून खडखडीत कोरड्या होऊ द्या. ओली बाटली म्हणजे न मोजलेलं पाणी.

भरताना फनेल वापरा, आणि भरून झाल्यावर बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसून मग झाकण लावा. हे एक पाऊल गाळलं की आट्यांवर राहिलेली साखर सुकते आणि महिन्याभराने घेणारी व्यक्ती झाकणाशी कुस्ती खेळते. क्लिपवाल्या झाकणाच्या बाटल्या या बाबतीत सोयीच्या.

घरात जुनी नक्षीदार जड काचेची सुरई असेल आणि ती शिशाच्या काचेची असेल, तर तिच्यात लिक्योर साठवू नका. काचेतलं शिसं हळूहळू दारूत उतरतं. पाहुणे असताना तासाभरापुरती वापरायला हरकत नाही.

चिंगी_८

किती बारकाईने लिहिलंयस मोरपंखी! गाळायचं कशातून?

मोरपंखी

शेंग, दाणे काढून टाकायला आधी साधी गाळणी. मग मलमलचं फडकं चौपदरी करून. चकचकीत हवं असेल तर शेवटी कॉफीचा कागदी फिल्टर. साखरेमुळे द्रव दाट असतो, त्यामुळे पहिला कप झरझर उतरतो आणि मग थेंब थेंब. कागद बदलत राहायचं, बोटाने ढोसायचं नाही, फाटतो. चमच्यात थोडं घेऊन उजेडाकडे धरलं की कळतं: कडेला लालसर आणि आरपार दिसलं की झालं. तळाशी अंधुक ढग फिरत असेल तर रात्रभर उभं ठेवून वरचं निथळून घ्या.

पिपेट

भर घालतो. वर तेलकट तवंग दिसतो तो फार गडद भाजलेल्या दाण्यांचा. कागदी फिल्टर तेल धरतो, फडकं आणि धातूची जाळी धरत नाही. इन्स्टंटवाल्यांना हा त्रासच नाही.

दाणेदार

मध्यम भाजलेले दाणे घेणाऱ्यांनाही नाही.

साधंपाणी

जरा वेगळा सूर लावतो, राग मानू नये. मी पीत नाही, आणि मला दरवर्षी कोणीतरी हौसेने बाटली देतं. ती मी पुढे कोणाला तरी देतो. दारू सोडलेल्या माणसाच्या घरी अशी बाटली जाणं तर फारच वाईट. गरोदर बायका आहेत, औषधं चालू असलेली माणसं आहेत. काटकसरीची भेट म्हणून सरसकट सगळ्यांना एकच गोष्ट वाटण्यात हा धोका आहे.

अर्धाकप

राग कसला, हे मूळ लेखातच यायला हवं असा मुद्दा आहे. आधी विचारायचं, हे माझं धोरण. विचारल्याने भेटीतलं नवल जातं म्हणतात, जाऊ दे.

न पिणाऱ्यांसाठी त्याच पातेल्यातून दुसरी भेट निघते. साखर, पाणी, कॉफी हे दुप्पट करा. व्होडका घालण्याआधी अर्धं काढून घ्या, व्हॅनिला इसेन्स घाला, झालं कॉफी सिरप. दुधात, आइस्क्रीमवर, केकवर सुरेख लागतं. पण दारू नसल्याने ते फ्रीजमध्येच ठेवायचं आणि दोन-तीन आठवड्यांत संपवायचं. म्हणून देण्याच्या आदल्या दिवशी करा, चार आठवडे आधी नाही. साखर पाण्याच्या दुप्पट घेतली तर आणखी टिकतं.

आणि दोन्हींच्या बाटल्या वेगळ्या आकाराच्या घ्या. दिसायला दोन्ही सारखंच काळं, वासही सारखाच. फ्रीजमधल्या सिरपशेजारी लिक्योर उभी राहिली आणि घरातल्या लहानग्याने दुधात ओतली तर? लेबलावर मोठ्या अक्षरांत लिहा.

साधंपाणी

आता धागा आवडला. सिरप करून पाहीन.

सुकामेवा

रात्री एक छोटा ग्लास घेतला तर झोप लागेल की उडेल?

पिपेट

दोन्ही बाजूंनी ओढाताण! इन्स्टंट कॉफीत साधारण ३ टक्के कॅफीन धरा. ५० ग्रॅममध्ये दीड ग्रॅम, ते १४०० मिलीत पसरलं. ३० मिलीच्या पेल्यात ३० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे इन्स्टंट कॉफीच्या निम्म्या कपाएवढं. एकाने बहुधा काही होणार नाही. तिसऱ्यानंतर झोप उडाली तर कॉफीला दोष द्या. मात्र कॅफीनमुळे दारू चढल्याचं कमी जाणवतं, चढायची तेवढी चढतेच. गाडी चालवायची असेल तर "मी अगदी ताजातवाना आहे" हे मनाचं ऐकू नका.

चिंगी_८

बेलीजसारखी क्रीमवाली करता येईल का याच्यातूनच? ती सगळ्यांना आवडते.

अर्धाकप

करता येते, पण भेट म्हणून मी देणार नाही. कारखान्यात क्रीम आणि दारू एकजीव करायची यंत्रं असतात, म्हणून ती बाटली महिनोन् महिने टिकते. घरी क्रीम घातली की फुटायची शक्यता, आणि फ्रीजमध्येही आठवडा-दीड आठवडा फार झाला. घेणाऱ्याने कपाटात ठेवून दिली तर? त्यापेक्षा साधी लिक्योर द्या आणि चिठ्ठीत लिहा: पिताना वरून क्रीम घाला.

नाना_फिरतीवर

अर्धाकपताई, परगावी मुलीकडे न्यायची आहे. विमानात चालेल का?

पिपेट

नाना, केबिन बॅगेत बहुतेक ठिकाणी १०० मिलीची मर्यादा, तेव्हा विसरा. चेक-इन बॅगेत: २४ टक्क्यांपर्यंतच्या दारूवर विमानवाहतुकीच्या धोकादायक वस्तूंच्या नियमांत मर्यादा नाही. २४ ते ७० टक्क्यांसाठी माणशी ५ लिटर आणि तीही दुकानातल्या सीलबंद बाटलीत. म्हणजे अर्धाकप यांचं २१ टक्के इथेही उपयोगी पडलं. पण घरगुती बाटलीवर टक्के छापलेले नसतात, अडवणारा अडवू शकतो. एअरलाइनचे आणि उतरता त्या देशाचे सीमाशुल्काचे नियम वेगळे, तेही पाहा. कुरिअरवाले बहुतेक नाहीच म्हणतात, आणि "सरबत आहे" असं खोटं लिहून पाठवू नका.

नाना_फिरतीवर

धन्यवाद. म्हणजे प्रमाण लिहून सोबत नेऊन तिथेच करावी हे उत्तम. मुलीला चार आठवडे थांबायला सांगतो.

मोरपंखी

नाना, इन्स्टंटवाली तर दुसऱ्या दिवशीही पिता येते. आठवडे लागतात ते व्हॅनिला उतरायला आणि व्होडकाचा झणका ओसरायला. इसेन्स घातलात तर आठवडाभर पुरे.

गुळगुळीत

माझ्या बहिणीने मागच्या महिन्यात दाणे थेट व्होडकात घालून केली, भिजत ठेवली ती राहूनच गेली. कडूजहर झालीये. दोन बाटल्या आहेत. टाकवत नाही.

दाणेदार

टाकू नका! गाळून घ्या आणि साखर-पाण्याचं सिरप थोडं थोडं घालत चव घ्या, मग चिमूटभर मीठ. टक्क्यांची काळजी करू नका, १४०० मिलीत १०० मिली सिरप वाढवलं तर २१ चे २० होतात, एवढंच. तरीही कडू वाटली तर नुसती पिण्याचा नाद सोडा. दुधा-क्रीमच्या पेयात कडूपणा खपून जातो. व्हाइट रशियनला ५० मिली व्होडका, २० मिली कॉफी लिक्योर, ३० मिली क्रीम. क्रीम वगळली की ब्लॅक रशियन. ते १९४९ साली ब्रसेल्सच्या हॉटेल मेट्रोपोलमध्ये जन्मलं असं सांगतात. तिरामिसूत (कॉफीत भिजवलेल्या बिस्किटांचा इटालियन गोड पदार्थ) घातली तर तिथेही कडू हवंच असतं.

पिपेट

+१. आणि बहिणीला सांगा, दळलेले नव्हे तर अख्खे दाणे घातले असते तर आठवडा-दोन आठवडे निभावलं असतं. अख्ख्या दाण्यातून सगळंच संथ उतरतं.

शंकासुर

मसाल्यांचं काय? दालचिनी, लवंग, संत्र्याची साल?

अर्धाकप

दालचिनीचा एक लहान तुकडा, दोन-तीन दिवसांत बाहेर काढायचा, नाहीतर लाकूड चावल्यासारखं लागतं. संत्र्याच्या सालीचा फक्त वरचा नारिंगी पापुद्रा, पांढरा भाग अजिबात नको, तो कडू. कोकोचे भाजलेले तुकडे मिळाले तर जरूर घाला, कॉफीशी त्यांचं फार जमतं. लवंग मी घालत नाही, एक जरी जास्त पडली तरी जीभ बधिर होते आणि कॉफी गायब. एका खेपेला एकच वास. तीन-चार एकत्र घातले की खोकल्याच्या औषधाची आठवण येते.

मोरपंखी

लेबलावर काय लिहायचं तेही सांग, मला छापून घ्यायचीत.

अर्धाकप

नाव, केल्याची तारीख, "अल्कोहोल अंदाजे २१ टक्के", "यात कॅफीन आहे", "मुलांपासून दूर ठेवा", "अंधारात ठेवा, वर्षभरात संपवा". रम, दालचिनी, कोको काही घातलं असेल तर तेही, कुणाला कशाची ॲलर्जी असते. मागच्या बाजूला एखादी पिण्याची कृती. बर्फावर नुसती, किंवा व्हॅनिला आइस्क्रीमवर दोन चमचे, एवढीही पुरते.

मोरपंखी

शाई पाण्याने फिसकटते, आणि ही बाटली थेंबाळते. पेन्सिलीने लिहा किंवा लेबलावरून पारदर्शक चिकटपट्टी मारा.

चिंगी_८

काल रात्री केली! निम्मी रम, निम्मी व्होडका, इसेन्स. फेस खरंच सर्रकन वर आला. :) एक शेवटचा प्रश्न. दुसरी बरणी अख्ख्या दाण्यांची लावलीये, दाणेदारांच्या नावाने. गाळल्यावर त्या दाण्यांचं काय करू? टाकवत नाहीत.

दाणेदार

धन्य झालो. फडक्यावर पसरून दोन दिवस वाळव, मग वितळलेल्या डार्क चॉकलेटमध्ये बुडवून बटर पेपरवर ठेव. दाण्यांत दारू उरते, तेव्हा डबीवरही तेच लेबल लाव आणि मुलांच्या हाती लागू देऊ नकोस. पुन्हा दळून कॉफी करायच्या भानगडीत पडू नकोस, त्यांच्यातला वास गेलेला असतो.

अर्धाकप

आणि शेंग वापरली असेल कोणी तर ती धुऊन, वाळवून साखरेच्या बरणीत खुपसून ठेवा. आणखी एक खेप व्हॅनिला साखर निघते.

सुकामेवा

चोथा, दाणे, शेंग, सगळंच कामाला लागलं. आता फक्त रिकामी व्होडकाची बाटली उरली.

मोरपंखी

ती मला दे. ७५० मिलीची आहे, घरच्यासाठी ठेवायला बरी.